एक साइज मोठे टायर

पप्पूभाईच्या टायरच्या दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग आहे. ते कोणी विकत घेत नाही, पप्पूभाई फेकत नाही, आणि त्यात भर पडतच राहते. आमच्या किश्शांचंही तसंच झालं आहे. गोंदियातले आम्ही तीन निवृत्त लोक संध्याकाळी त्या दुकानासमोरच्या बाकावर बसतो. रहांगडाले सर शाळेचे मुख्याध्यापक होते, मेश्राम कृषी खात्यात, आणि मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. नोकरीत असताना मला चाकाबद्दल कोणी एक प्रश्न विचारला नाही. आता विचारतात. मी उत्तर देतो आणि घरी पोचेपर्यंत ते चुकलं तर नाही ना, या विचाराने अर्धा होतो.

*

आधी रहांगडाल्यांची अडचण सांगतो. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवा, पण दिवसाला सत्तर किलोमीटरच्या वर नाही."

त्यांच्या मुलीचं सासर अर्जुनी मोरगावच्या अलीकडे. दारापासून दारापर्यंत बहात्तर.

वहिनींना एसटीत ओकाऱ्या होतात. दुसऱ्या कोणी चालवलेल्या कारमध्येही होतात. फक्त सर चालवत असले की होत नाहीत. त्यामुळे जाणंच थांबलं. नातीला आलेले पहिले दात दोघांनी मोबाइलवर पाहिले.

"दोन किलोमीटर अलीकडे मुक्काम करा," मेश्राम म्हणाले, "अन् सकाळी उठून जा."

सर हसले नाहीत. पुण्यातला मुलगा रोज फोन करून आईला विचारायचा, "आज मीटर किती झालं?" बाबा गोल गोल बोलतात आणि आई कधीच खोटं बोलत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

*

पावसाळ्यानंतर सरांच्या गाडीचं पोट शेताच्या रस्त्याला घासायला लागलं. टायर बदलायला झालेच होते.

"एक साइज बडा डाल देता हूँ, सर," पप्पूभाई म्हणाला. "गाडी थोडी ऊँची हो जाएगी."

गाडी उंच झाली आणि अॅव्हरेज खाली आलं. अठरा देणारी गाडी सतरावर आली. सरांनी पेट्रोल पंप बदलला. मग दुसरा पंप बदलला. मग थंडीत पेट्रोल दाट मिळतं म्हणून पहाटे भरायला जाऊ लागले.

मेश्राम म्हणाले, "सर, आता पेट्रोलच्या टाकीले अंगारा लावणं तेवढं राहिलं."

*

शेवटी प्रश्न माझ्याकडे आला. सरांच्या घरी जमिनीवर बसून मी वहिनींकडून एक ताट आणि एक वाटी मागून घेतली. "हे बघा, मीटरला रस्ता दिसत नाही. ते फक्त चाकाचे फेरे मोजतं," मी म्हणालो. "वाटी एका फेऱ्यात एवढीच जाते, ताट इतकं जातं. मोठ्या चाकाला तेवढ्याच रस्त्याला फेरे कमी लागतात, म्हणून मीटर किलोमीटर कमी दाखवतं. किलोमीटर कमी दिसले की भागाकारात अॅव्हरेजही कमी येतं. गाडी काही जास्त पेट्रोल पीत नाही. थोडं पीतही असेल, मला नक्की सांगता येणार नाही."

बोलता बोलता मी वाटी जरा जोरात सोडली. ती घरंगळत कपाटाखाली गेली.

दारात उभ्या वहिनी म्हणाल्या, "समजलं भाऊजी. आता वाटी काढून द्या."

सर मात्र ताटाकडे बघत बसले होते. "म्हणजे घर तेवढंच दूर राहते, पण मीटर कमी सांगते?"

"हो."

"किती कमी?"

"शंभराला चार-एक."

त्यांनी ताट उचलून पुन्हा एकदा जमिनीवर फिरवून पाहिलं. मला वाटलं, बिचाऱ्यांना अॅव्हरेजचं वाईट वाटलं.

*

घरी आलो आणि शंका आली, मी उलटं तर नाही सांगितलं? सरांना फोन केला. "मोठ्या टायरला मीटर कमी दाखवतं. जास्त नाही."

"तेच सांगितलं तुम्ही."

थोड्या वेळाने पुन्हा केला. "तेच बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मेश्रामांनी विचारलं, "तुमची पीएचडी कायच्यात हाय? शंकेत?"

*

मेश्रामांच्या स्कूटरचं प्रकरण याच्या उलट. कधी काळी पुढचा टायर मिळाला नाही म्हणून त्यांनी एक साइज लहान बसवला होता. तेव्हापासून ते अॅव्हरेजचा दिमाख मिरवत होते. "साठ देते. नव्या गाडीले जमत नाही."

मी खूप दिवस सांगू की नको करत होतो. शेवटी सांगितलं, "मेश्राम, मीटर पुढच्या चाकावर चालतं. चाक लहान आहे, फेरे जास्त होतात. तुमची गाडी धावते कमी आणि दाखवते जास्त."

मेश्रामांनी स्कूटरच्या सीटवर थाप मारली. म्हणाले, "माझ्यासंगं कृषी खात्यात राहिली ना ती. सवय लागली."

*

गोरेगावला एका लग्नाला आम्ही तिघं सरांच्या गाडीतून गेलो. मी पुढे बसलो होतो. काटा पन्नासवर आला की मी म्हणायचो, "म्हणजे खरे बावन्न." साठवर आला की, "खरे बासष्टच्या वर."

सरांनी गाडी बाजूला घेतली. "तुम्ही मागं बसा."

मागे बसलो. तिथून काटा दिसत नव्हता, त्यामुळे जास्तच काळजी वाटू लागली. "आता किती आहे हो?"

मेश्रामांनी भज्यांचा पुडा उघडून माझ्या हातात दिला. "सर, गोरेगाव येईपर्यंत तुम्ही हेच मोजा."

*

मग एके दिवशी रहांगडाले बाकावर आले तेच हसत. ते आणि वहिनी मुलीकडे एक रात्र राहून आदल्या दिवशी परत आले होते. नातीने त्यांचा चष्मा ओढून तोडला होता. तुटक्या काडीला चिकटपट्टी लावून ते तो अभिमानाने घालून बसले होते.

"अन् पोराचा फोन?" मेश्रामांनी विचारलं.

"आला ना. आईले विचारलं त्यानं, मीटर किती. तिनं पाहून सांगितलं, एकोणसत्तर."

"मग?"

"मग काय. म्हणाला, ठीक आहे."

मेश्राम इतके हसले की पप्पूभाई बाहेर येऊन बघून गेला. मला हसू आलं नाही. रस्ता बहात्तरच होता. हृदयाला मीटर दिसत नाही. आणि ज्या बाईने जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, तिच्या तोंडून हे एकोणसत्तर गेलं होतं, तेही माझ्या ताट-वाटीमुळे. त्यानंतर दर पंधरवड्याला ते जाऊ लागले. दर पंधरवड्याला एकोणसत्तर.

*

मला राहवेना. सर दवाखान्यात तपासणीला गेले होते, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी खुर्चीच्या टोकावर बसलो.

"काऊन घाबरून राहिले, भाऊजी? डॉक्टरचा फोन आला आताच. सगळं बरं हाय म्हणे. पण सत्तर ते सत्तरच."

"वहिनी, मला त्या एकोणसत्तरबद्दल बोलायचं आहे. त्या दिवशी मी ताट आणि वाटी..."

"थांबा जरा. जावयाची बदली झाली, माहीत हाय ना? अर्जुनीच्या पल्याड. आता आणखी चार-पाच किलोमीटर पुढं राहायले गेले."

"अरे. मग आता?"

त्या उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात कणीक मळायची मोठी परात होती. ती त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर उभी धरली.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पप्पूभाईजवळ एवढा टायर येते का?"