टबकडे पाठ करू नका

चहा ओता आधी. माझी ही शोभा कोरड्या घशानं ऐकण्यासारखी नाहीच!

गेल्या मार्चमधल्या एका वीकेंडला आम्ही लंडनजवळच्या ब्रॅकनेलची तीन मराठी कुटुंबं मिनीबस करून पार वर, स्कॉटलंडच्या सीमेजवळ गेलो होतो. तिथे एक म्हातारा शेतकरी आपली मेंढ्यांची शेती आणि आज्या-पणज्यांची जुनी अवजारं दाखवतो. वडील, म्हणजे आमचे अण्णा, नुकतेच खटावहून माझ्याकडे राहायला आले होते. सत्तर वर्षं मातीत काढलेला माणूस. म्हटलं, तेवढीच करमणूक.

आता मिनीबसमध्ये गप्प बसावं की नाही? पण नाही! 'अरे, मी जातिवंत शेतकऱ्याचा मुलगा. अजून बारा एकर आहे आमचं. विहीर बारमाही!' नागपूरचा निखिल म्हणाला, 'वा संदीप, मग आजचा गाइड तूच.' अण्णा खिडकीबाहेर बघत होते. उतरताना मी त्यांना हळूच सांगितलं, 'अण्णा, तिथे तुम्ही काही बोलू नका हं. मी बोलतो.'

बोललो ना!

गोठ्यात एक चाकाचं, पात्यांचं जुनं यंत्र होतं. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, 'हे मळणीचं.' अण्णा पुटपुटले, 'कडबाकुट्टी आहे ती.' 'अण्णा, इकडचं वेगळं असतं.' तेवढ्यात म्हाताऱ्यानं मूठभर गवत घेतलं, चाक फिरवलं आणि कचाकच कापून दाखवलं. निखिल खोकला. तो खोकला नव्हता, कळलं ना तुम्हाला?

मग आम्ही वाड्यात गेलो. मेंढरांच्या. वारा असा, की कान आहेत की गळून पडले ते चाचपून बघावं लागत होतं. म्हातारा त्याच्या त्या अगम्य हेलात काहीतरी ओरडला. बारा वर्षं इंग्लंडात काढूनही मला त्यातलं निम्मं कळेना. पण गाइड मी! मला ऐकू आलं, 'डोन्ट टर्न युअर बॅक ऑन द टब.' समोर भिंतीशी मेंढ्यांच्या पाण्याचा मोठा टब होताच.

'ऐका रे! टबकडे पाठ करू नका म्हणतोय!' आणि मी टबकडे तोंड करून, हात मागे बांधून, ऐटीत उभा राहिलो.

'संदीप, बाजूला हो,' अण्णा म्हणाले.

'अण्णा, त्यांनीच सांगितलंय.'

'अरे गाढवा, एडका आलाय मागनं!'

टब नव्हे हो, टप! टप म्हणजे तिकडे एडका! धडक अशी बसली, की मी थेट टबात. वर बर्फाचा पापुद्रा होता. तोही मीच फोडला. अण्णांनी सरळ पुढे होऊन त्या एडक्याला शिंगाला धरून बाजूला नेलं. म्हातारा बघतच राहिला.

नंतर त्यानं सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं, मला टॉवेल दिला आणि खुर्ची ओढून अण्णांसमोर बसला. माझ्यासमोर नाही. अण्णांचा तळवा हातात घेऊन घट्टे बघितले, आपले दाखवले. मग माझ्याकडे वळून, शब्द सुटे सुटे करून विचारलं, 'हे इथे आलेत, मग यांचं शेत कोण बघतंय?'

ह्या वेळी मेला शब्द न् शब्द कळला!

सगळे माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हटलं, 'शेजारी बघतात.'

'काय विचारलं रे त्यानं?' अण्णा.

'तुमचं शेत कोण बघतं म्हणून. मी म्हटलं, शेजारचे बघतात.'

'खरं तेच सांगितलंस,' अण्णा शांतपणे म्हणाले. 'दिवाळीत विकायला लावलंस, तेव्हापासून त्यांच्याच नावावर आहे.'

मराठीत म्हणाले हो! आणि त्या स्वयंपाकघरात तो म्हातारा सोडून सगळ्यांना मराठी येत होतं. आमच्या सोबतच्या रश्मी वहिनींनी कप खाली ठेवला. निखिल ह्या वेळी खोकलासुद्धा नाही.

'काय म्हणतायत?' म्हाताऱ्यानं विचारलं.

'थंडी फार आहे म्हणतायत,' मी म्हणालो.

बिचारा उठला. स्वतःच्या डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या डोक्यावर नीट बसवली, कानांवर ओढून.

अण्णांनी ती चाचपली. माझ्याकडे बघितलं.

'सांग त्याला,' ते म्हणाले, 'टोपीची सवय आहे म्हणावं. पहिली माझ्या लेकानंच घातली.'

म्हातारा परत माझ्याकडे वळला. काय म्हणाले?

'थँक यू म्हणतायत,' मी म्हणालो.