लेकीच्या घरचं पाणी

माझ्या मोठ्या जावेला, म्हणजे वहिनीला, पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. लग्नाला सतरा वर्षं झालेली. पनवेलजवळ करंजाड्यात आम्ही एकाच इमारतीत, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. बातमी फुटली आणि लोकांच्या जिभा सुटल्या. 'या वयात?' म्हणे! अरे, तुमचं काय जातंय? मी विशीत बाळंत झाले तेव्हा कुणी वय काढलं नव्हतं. अंगात रक्त नाही, अक्कल तर त्याहून नाही. बाळ रडलं की मीही भोकाड पसरायची.

वहिनीचं तसं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वयामुळे जपावं लागेल. बीपी वर होतंच, पुढे साखरही निघाली. रोज बोटाला सुई, जेवणाआधी पोटात इन्सुलिन. ऐन आंब्याच्या दिवसांत ही बाई आमच्यासाठी फोडी करायची आणि स्वतः बोटसुद्धा चाटायची नाही. मला तर तिच्यापुढे हात जोडावेसे वाटायचे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण माहेर उरणकडे खाडीकाठी, आणि डॉक्टरांना ती पनवेलच्या हॉस्पिटलजवळ हवी होती. मग तिची आईच इकडे आली. मी तिला मावशी म्हणायची; सत्तरी ओलांडलेली, काटक आणि हट्टी. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हे तिने इतकी वर्षं पाळलेलं. माझ्याकडेही घोटभर घेईना. तेही लेकीचं सासरच ना! रोज सकाळी तिचा मुलगा गावाहून मोटरसायकलवर भाकरी, कालवण आणि पाण्याचा कॅन घेऊन यायचा.

एके दिवशी तो आलाच नाही. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर उलटला होता, सगळं ठप्प. मे महिन्याचं ऊन, आदल्या दिवशीचा कॅन रिकामा. दुपार झाली तरी मावशी कोरड्या ओठांनी लेकीचे पाय चेपत बसलेली. वहिनीने इन्सुलिन घेतलं, मी ताट वाढलं, आणि तिने ते बाजूला सारलं.

"आई उपाशी आहे. माझ्या घशाखाली नाही उतरत."

माझं डोकंच सणकलं. "वहिनी, इंजेक्शन घेऊन बसलीयेस! साखर उतरली तर काय करायचं? आणि मावशी, तुम्ही तरी! तुमच्या रीतीपायी पोटातलं लेकरू जायचं!"

बोलून गेले. म्हाताऱ्या माणसाशी असं कुणी बोलतं का? मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि आमच्यासमोर येऊन घटाघटा प्यायली. मग लेकीशेजारी मांडी घातली.

"माला बी वाड. देवाला काय सांगायचा ता मी सांगन. तू जेव, बाय."

वहिनीने घास घेतला. मावशीने मटकीची उसळ चाखून 'मीठ कमी हाय' म्हणून नाक मुरडलं. मला रडू येत होतं, तरी मी मीठ आणायला उठले.

देवाला काय सांगितलं कोण जाणे, पण त्या दिवसापासून मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण रीत मोडली, आता लेकीचं काही वाकडं झालं तर? नववा लागला आणि एका सकाळी वहिनीचं बीपी एकदम चढलं. रिक्षाने हॉस्पिटल गाठलं, तिला तसंच ऑपरेशनला नेलं. "येते गं," ती मला म्हणाली, जणू भाजी आणायला निघालीय. मावशी बाहेरच्या बाकावर बसली. माझा हात तिने असा धरला होता की बांगडी रुतली.

शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. जरा लवकर काढावी लागली, एवढंच."

मावशीने मान वर केली.

"लवकर? गो बाय, हिची वाट बगून बगून माजे डोले गेले, नि तू लवकर सांगतेस?"