नेच्याची पाठ

संग्रहालयात तिला सगळे खळताई म्हणतात. वाळवलेली झाडंपानं जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायची, हे तिचं काम. भांडारातून गोंदाच्या बाटल्या येतात आणि तिच्या कपाटात तशाच बंद राहतात. ती घरून मैद्याची खळ आणते, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलेली. कृती सासूबाईंची. त्यांचं माहेर पुस्तकबांधणी करणाऱ्यांचं. "चिकटवलेलं कधी ना कधी सोडवावं लागतं," त्या म्हणतात. "लग्न सोडून."

खळताईला हे काम मनापासून आवडतं. खिडकीपाशी टेबल, हातात चिमटा, मागे कोणाची कटकट नाही. कटकट होती ती एकाच गोष्टीची, चष्म्याची. दुकानात तो तयार होऊन पडला होता आणि नवरा रोज आठवण करत होता. "मला दिसतंय," एवढंच तिचं उत्तर.

त्या सकाळी संग्रहालयातल्या वनस्पतीतज्ज्ञ मॅडमनी एक पाकीट दिलं. मॅडमचा सगळा अभ्यास एका कुळातल्या चिमुकल्या नेच्यांवर. हे नेचे दाट जंगलात उंच झाडांच्या सालीवर, शेवाळात उगवतात. बिऱ्हाड झाडावर, पण झाडाचं काही खात नाहीत; धुकं पिऊन जगतात. पाकिटात होता तो करंगळीएवढाही नव्हता. दोनच पानं, तीही साधी पट्टीसारखी. वादळात फांदी मोडून पडली म्हणून तो हाती लागला होता. त्या शेंड्यावर चढून दुसरा आणणं कोणाच्या बापाला जमणारं नव्हतं.

दुपारी मॅडम कागद बघायला आल्या आणि बघतच राहिल्या.

"खळताई, पाठ कुठाय?"

नेच्याचं एक पान सुलटं लावायचं, एक उलटं. नव्या माणसाला खळताईच हे पहिल्या दिवशी शिकवते. कारण बीजाणूंचे ठिपके पानाच्या पाठीवर असतात आणि ते कसे मांडलेत त्यावरून नेचा ओळखतात. इथे दोन्ही पानं सुलटी होती. पाठी कागदाला चिकटलेल्या.

खळताई कागदावर वाकली. "एक पालथं घातलं होतं मी. म्हणजे, मला तसं वाटलं."

"ठिपके दिसल्याशिवाय मी याला नाव कसं देऊ? बाटलीतला गोंद लावलात?"

"नाही, खळच आहे. पाण्याने सुटेल."

तिने टीपकागदाची पट्टी ओली करून एका पानावर ठेवली. मॅडमना बसवेना; त्या व्हरांड्यात जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा खळताई चिमटा धरून नुसतीच बसली होती.

"काय झालं?"

"पानाची कड कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, ते दिसत नाही. तुमचा चष्मा द्या जरा."

"आणि मी काय बघू?"

"एक तर मला दिसेल, नाहीतर तुम्हाला. कोण सोडवतंय?"

मॅडमनी निमूटपणे चष्मा उतरवला. खळताईने सुईचं टोक कडेखाली सरकवलं, श्वास धरला आणि पान अलगद उलटं केलं.

"आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"काही कागदालाच राहिले. बाकीचे आहेत. पण नुसते ठिपके काय बघता, रांग बघा."

मॅडमनी चष्मा जवळजवळ ओढूनच घेतला, वर भिंग धरलं. ठिपक्यांची रांग त्यांनी देठापासून टोकापर्यंत तपासली. मग म्हणाल्या, "दुसरं पान राहू द्या तसंच. नाव सापडलं, माझं काम झालं."

संध्याकाळी खळताई दुकानावरून घरी आली. सासूबाई चुलीपाशी उद्याची खळ ढवळत होत्या. तिने भांड्यात डोकावलं.

"आई, गुठळ्या झाल्यात."

"रोजच होतात," सासूबाई न बघताच म्हणाल्या. "चष्मा आणलास वाटतं."