मशीन अडकलं की

स्टीलची पट्टी बारक्याच्या डाव्या कानावर बसली, तेव्हा काउंटरवर एक कुटुंब वडिलांच्या निधनाच्या बॅनरसाठी थांबलं होतं. म्हाताऱ्याचा हसरा फोटो, खाली जन्माची आणि मृत्यूची तारीख, एवढंच काम. पण फोटो मोठा होता आणि मशीन जुनं. स्क्रीनवरचं गोल चक्र फिरत राहिलं ते राहिलंच. दादा बाहेर त्या लोकांना खुर्च्या देत होता, रडून रडून थकलेल्या मुलीला पाणी देत होता, "फार मोठं मन होतं हो त्यांचं" म्हणत होता. मग "एक मिनिट हं" म्हणून तो प्लायवूडच्या आडोशामागे बारक्याकडे आला. आधी त्याने कॉम्प्युटरच्या डब्यावर मूठ आपटली. डबा हादरला, आतून खर्र झालं. मग त्याने टेबलावरची बॅनर कापायची लांब पट्टी उचलली आणि आडवी हाणली.

बारक्या ओरडला नाही. गिऱ्हाईक असताना ओरडायचं नाही, हे तो फार पूर्वीच शिकला होता. कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली, मानेवरून काहीतरी कोमट ओघळलं आणि नेमकी त्याच वेळी फाइल उघडली.

"झालंच बघा," बाहेरून दादाचा आवाज आला. मऊ, काळजीचा.

बारक्याचं वय पस्तिशीच्या पुढे गेलं होतं, तरी सगळी गल्ली त्याला बारक्याच म्हणायची. आणि दादाला सगळे दादा म्हणायचे, त्याच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. दादाबद्दल कुणी वाकडा शब्द बोलला असता तर गल्लीने त्यालाच वेड्यात काढलं असतं. कुणाचं सामान चढवायचं असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, दादा पुढे. बायकोवर त्याने कधी आवाज चढवला नाही. मुलीने त्याच्या चष्म्याची काडी मोडली तेव्हा तो चार दिवस दोरा गुंडाळलेला चष्मा घालून हसत फिरला होता. त्याचा हात उठायचा तो एकाच माणसावर.

वडील गेले तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता आणि बारक्या सात. आईने थोरल्याला जवळ घेऊन सांगितलं, "आता याचा बाप तूच." पोराने ते मनावर घेतलं. पुढच्याच आठवड्यात शाळेतून येताना बारक्याचा एक बूट हरवला आणि दुसऱ्या बुटाने दादाने त्याची पाठ सोलून काढली. मग गणितासाठी मार, मग उशिरा उठला म्हणून मार. एकदा टेबलाच्या खणात हात असताना दादाने खण लाथेने बंद केला. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी ती वाकडीच. "थांब, दादाला येऊ दे," ही आईची धमकी. आणि मार खाऊन झाला की मलम लावताना तीच म्हणायची, "त्याच्या मनात काही नसतं रे. रागाच्या भरात होतं."

बारक्याचाही तसाच समज होता. राग कशाचा तरी असतो, तेवढं काढून टाकलं की राग जाईल. म्हणून त्याने न जमणारं शिक्षण सोडलं. मग दादाच्या बॅनरच्या दुकानात तो सगळ्यांत आधी यायला लागला. रंग उडतात म्हणून मार बसायचा, तर त्याने रंगांचं काम इतकं पक्कं केलं की दुसऱ्या दुकानांतली माणसं विचारायला यायची. आता उरलं होतं फक्त मशीन. मशीन अडकलं की दादाचं डोकं सटकायचं, याबद्दल बारक्याच्या मनात तिळभर शंका नव्हती.

डॉक्टरांनी कानात बॅटरी धरून बघितलं. पडदा फाटला होता.

"कसं लागलं?"

"कपाटाचं दार."

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले आणि कानात पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं.

आठवड्याच्या सुट्टीला दादा, वहिनी आणि मुलगी वहिनीच्या माहेरी गेले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर, घरात, आई झोपली होती. बारक्याने कॉम्प्युटरचा डबा जुन्या चादरीत गुंडाळला, छातीशी धरला आणि बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवालीकडे गेला. बाई चाळिशीची, डोळ्यावर भिंग बांधलेलं, बोटांना सोल्डरिंगचे डाग.

"काय दुखतंय याला?" तिने विचारलं.

"फार हळू चालतं. मोठी फाइल उघडली की अडकतं."

तिने बाजूचा पत्रा काढला, मशीन चालू केलं आणि कान लावला. "आतली हार्ड डिस्क गेलीच म्हणा. हिच्यात तबकडी फिरते आणि तिच्या अगदी जवळून एक बारीक टोक सरकतं. धक्का बसला की टोक तबकडीला घासतं. हिला कुणीतरी मारतंय."

"कधी कधी मूठ आपटली जाते."

"कुणाची?"

"दादाची. मशीन अडकलं की त्याचा धीर सुटतो."

बाईने भिंग वर सारलं आणि त्याच्या कानातल्या कापसाकडे बघितलं. "आणि हे?"

"कपाट."

"बरं," ती म्हणाली. खणातून तिने काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, चपटी वस्तू काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "एसएसडी. नव्या जातीची डिस्क. हिच्यात फिरणारं काहीच नाही. पाहिजे तेवढं आपटा." मग तिचं तिलाच कसंतरी झालं. "म्हणजे, आपटू नका. बोलायच्या ओघात म्हटलं."

ती बसवून द्यायला तयार होती. बारक्याने नको म्हटलं. हे काम त्याला स्वतःच्या हाताने करायचं होतं. तिने कोणती वायर कुठे जाते ते दाखवलं, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर दिला आणि बजावलं, "जुनी शेवटच्या घटका मोजतेय. मध्येच बंद करू नका."

दुकानाचं शटर अर्धं ओढून बारक्या बसला. डब्यात धुळीचा गोधडीएवढा थर होता, तो त्याने रंगाच्या ब्रशने झाडला. नवी डिस्क जोडली आणि उतरवायला लावलं. टक्के मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होते. मध्ये दोनदा जुनी डिस्क खरखरून थांबली आणि दोन्ही वेळा ती पुन्हा चालायला लागली. शेवटी त्याने जुनी काढून ठेवली, नवीचे स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि स्टूल ओढायला वाकला. वर बघतो तर मशीन तयार होऊन वाट बघतंय. त्याने एका शाळेच्या मैदानाचा सगळ्यात अवजड बॅनर उघडला. क्लिक केलं आणि आला. बंद केला, पुन्हा उघडला. मग तो एकटाच मोठ्याने हसला. हसताना कान ठणकला, तरी हसत राहिला. सुटलो, असं त्याला वाटलं.

सकाळी दादाने बघितलं आणि त्याचे डोळेच विस्फारले. "तू केलंस? तू?" त्याने बारक्याच्या पाठीवर थाप मारली. बारक्याचं अंग सवयीने आखडलं, पण ती शाबासकीचीच थाप होती. त्या दिवशी दादाने येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आत बोलावून मशीन दाखवलं. "माझ्या भावाने बसवलंय. डोकं आहे पोराला!" पुढचे काही आठवडे असे गेले की बारक्याला रात्री गाढ झोप लागायला लागली. कानातला कापूस निघाला. वहिनी एकदा जिन्यात म्हणाली, "भाऊजी, तुम्ही शीळ घालायला लागलात की."

त्या दुपारीही तो शीळच घालत होता. आतल्या बाजूला मोठा प्रिंटर कपड्याच्या दुकानाचा बॅनर छापत होता. त्याचं छपाईचं डोकं इकडून तिकडे सरकत होतं. बारक्याचं पुढचं काम उरकलं होतं. वाट बघायला काही उरलंच नव्हतं, म्हणून तो खुर्चीवर मागे रेलून, हात डोक्यामागे घेऊन बसला होता. दादा जमिनीवर उकिडवा बसून तयार बॅनरच्या कडांना लोखंडी रिंगा ठोकत होता. ठोकणं थांबलं. बारक्याने मान वळवली तेव्हा हातोडा खाली येत होता.

घाव डाव्या खांद्याजवळ बसला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि तो आवाज बारक्याला त्या फाटक्या कानातसुद्धा स्पष्ट ऐकू आला. खुर्चीसकट तो खाली कोसळला.

"का?" तो म्हणाला.

आयुष्यात हे त्याने पहिल्यांदाच विचारलं होतं. दादा हातोडा धरून उभा होता, धापा टाकत. त्याने तोंड उघडलं. "मशीन..." म्हणाला आणि सवयीने स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर फाइल उघडी होती, स्वच्छ, काही अडकलेलं नव्हतं. दादा तिकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही क्षण असा गोंधळ होता, की बारक्याला वाटलं आता हा हातोडा टाकेल, खाली बसेल. दादाने दात आवळले आणि हातोडा पुन्हा उचलला.

दुसरा घाव बारक्याच्या मांडीला चाटून फरशीवर बसला. फरशीचा टवका उडाला. बारक्या सरपटत भिंतीपर्यंत गेला. तिथे रिकाम्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या होत्या, मनगटाएवढ्या जाड, लाकडासारख्या टणक. उजव्या हाताला एक लागली. दादा वाकला तशी त्याने ती सगळं बळ एकवटून फिरवली. दादाच्या जबड्यावर. दादा मागे गेला, त्याचं डोकं प्रिंटरच्या लोखंडी पायावर आदळलं आणि तो तिथेच बसला, तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर येत होता.

बारक्या थांबला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो थांबला नाही. गुडघ्यांवर रांगत तो दादापर्यंत गेला आणि मारत राहिला. नळी वाकली तेव्हा मुठीने मारलं. तोंडावर, छातीवर, झाकायला वर आलेल्या हातांवर. मोडलेलं हाड आत टोचत होतं आणि तरी मारायला बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं. वर प्रिंटरचं डोकं आपलं सरकत होतं, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

वहिनी जेवणाचे डबे घेऊन जिन्याने खाली आली होती. तिने डबे दारातच ठेवले. आधी जमिनीवरचा हातोडा उचलून लांब भिरकावला, मग बारक्याच्या कॉलरला धरलं.

"भाऊजी, पुरे. मरतील ते."

त्याची मूठ हवेतच राहिली. खाली दादाचा एक डोळा उघडा होता आणि तो त्याच्याकडेच बघत होता. बारक्याला भडाभडा उलटी झाली.

दोघांना एकाच दवाखान्यात नेलं. दादाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. तारा घालाव्या लागल्या. आई आली ती थेट थोरल्याच्या खाटेपाशी गेली. बऱ्याच वेळाने ती बारक्याकडे आली, तरी बसली नाही.

"थोरल्यावर हात उचललास?"

"माझंही हाड मोडलंय, आई."

"त्याने तुझं कधी वाईट चिंतलं का?"

बारक्याने भिंतीकडे तोंड केलं.

पोलीस चौकशीला आला तेव्हा दादाला बोलता येत नव्हतं आणि बारक्या बोलत नव्हता. वहिनीच उभी राहिली. "यांनी आधी मारलं," ती म्हणाली. "नेहमी हेच मारतात. खालून आवाज आला की मी मिक्सर लावते. मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. मिक्सरमध्ये काही नसलं तरी लावते."

बारक्याने तक्रार दिली नाही, पण त्या दिवसानंतर घरात कुणाला काही माहीत नाही असं म्हणायची सोय उरली नाही.

खांद्याचं हाड जुळल्यावर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेला. औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापणाऱ्या छापखान्यात त्याला काम मिळालं. मालकीण वयस्कर, तोंडाने फटकळ; चुकलं की "डोळे घरी ठेवून आलात का?" म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. पहिले काही महिने ती मागून आली की बारक्या दचकून उठून उभा राहायचा. आई त्याचा फोन घेत नसे. वहिनी घ्यायची.

एके दिवशी दादा आला. बारीक झाला होता, जबडा एका बाजूला सरकलेला, शब्द चावत बोलत होता. छापखान्याच्या काउंटरपलीकडे तो उभा राहिला.

"त्या हॉस्पिटलच्या बोर्डाची फाइल सापडत नाहीये."

"जुन्या कामांच्या फोल्डरमध्ये बघ. नाव चुकीचं पडलंय."

"बरं." दादा घुटमळला. "मशीन मस्त चालतंय. कुठे अडकत नाही."

"हो."

"मग ये की परत. आता चिडायला कारणच काय राहिलंय?"

बारक्याने त्याच्याकडे नीट बघितलं. दादा मनापासून बोलत होता. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं.

"कारण तेव्हाही नव्हतं, दादा."

दादाने काउंटरवरून हात पुढे केला, त्याच्या खांद्याच्या दिशेने. तो हात कशासाठी पुढे आला होता ते बारक्याला कळलं नाही, आणि कळून घ्यायला तो थांबला नाही. कागदांच्या गठ्ठ्यावरचं लोखंडी वजन त्याच्या मुठीत आलं होतं.

"हात मागे घे," तो म्हणाला.

आवाज चढला नव्हता. दादाने वजनाकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि हात मागे घेतला. मग तो पायऱ्या उतरला आणि रस्ता ओलांडून गेला. दादा पलीकडच्या गर्दीत दिसेनासा होईपर्यंत बारक्याने मूठ सोडली नाही.

"कोण होतं?" आतून मालकिणीने विचारलं.

"माझा थोरला भाऊ."

"आत का नाही बोलावलंत?"

"नको," बारक्या म्हणाला. त्याने वजन गठ्ठ्यावर ठेवलं आणि अर्धी कापलेली लेबलं पुढे ओढली.