जपानी मिस्त्री आणि माझा पाटा

पाटा गुळगुळीत झाला की बाईचं काय होतं, ते पाट्यावर वाटण केलेल्या बाईलाच विचारावं. नातवंडांना सांगून उपयोग नाही. इथं दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्सला मुलाच्या फ्लॅटमध्ये मिक्सर जरा घुर्र करतो आणि वाटप तयार. परवा नातीला सांगायला बसले तर म्हणते, "दादी, वॉज इट लाइक अ जिम?" म्हटलं, हो बाई, जिमच. सुट्टी नसलेली.

साठच्या दशकातली गोष्ट. अमिरात हे नाव तेव्हा कुणी घेत नव्हतं आणि बाजारात रुपयाच चालायचा. आम्ही दुबईला, खाडीच्या कडेला एका गल्लीत राहत होतो. हे एका जपानी कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होते. कंपनी लाँचची इंजिनं आणि पाण्याचे पंप विकायची. आमच्या रत्नागिरीकडची माणसं तेव्हाही इथं बरीच होती, बायका मात्र बोटावर मोजण्याइतक्या. पुरुषानं इथं कमवायचं आणि बाईनं गावाला सासूजवळ राहायचं, अशीच रीत. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला नवरा म्हणजे सुट्टीतला पाहुणा. येणार, चार दिवस घरभर अत्तराचा वास, आणि गेला.

मग यांच्या डोक्यात खानावळ आली. आपलीच दहाबारा माणसं हॉटेलचं खाऊन कंटाळलेली, बायको आली तर तिच्या हातचं जेवतील आणि घराचं भाडं निघेल. त्या खानावळीच्या नावावर मी बोटीत चढले. निघताना सासूबाई म्हणाल्या, "चालली तर राहा. नाही चालली तर तुझी जागा इथं आहेच." त्यांनी मायेनंच म्हटलं असेल. मला मात्र त्या जागेची धास्तीच बसली.

खानावळ चालायची ती पाट्यावर. तो माझ्या माहेरचा काळा पाटा, गोधडीत गुंडाळून मी बोटीनं आणला होता. दुबईला तेव्हा मोठी बोट बाहेर समुद्रातच उभी राहायची, तिथून लहान होडीत उतरावं लागे. पाटा उतरवताना हमालानं मला काय काय म्हटलं ते मला अरबी येत नव्हतं म्हणून बरं. दोन्ही वेळेला मच्छीचं कालवण लागे. खोबरं, लाल मिरची, धणे, हळद, सगळं बारीक, लोण्यासारखं. उकिडवं बसायचं आणि सगळं अंग वरवंट्यावर टाकायचं. इतक्या माणसांचं रोज वाटून वाटून पाट्याची टाकी, म्हणजे छिन्नीनं घातलेला खडबडीतपणा, पार गेली. आरशासारखा झाला. मिरची नुसती घसरायची, वाटली जायची नाही. पूर्वी ज्याला अर्धा तास लागे त्याला अख्खी सकाळ लागायला लागली.

आणि माझा डावा खांदा गेला. गेला म्हणजे हात छातीच्या वर येईना. हे ऑफिसला गेले की मग मी केस विंचरायची, तेही भिंतीला कोपर टेकून. यांना बोलले नाही. माझा नवरा प्रेमाचा माणूस होता, आणि अशा माणसाकडे बायकोच्या दुखण्यावर एकच उपाय असतो: गावाला जा, आराम कर.

जेवणारी माणसं काही मुकी नव्हती. दाभोळकडचा एक लाँचवरचा ड्रायव्हर होता, तो ताटात बोट फिरवून म्हणायचा, "भाभी, आज खोबऱ्याचे तुकडे पोहतायत. जाळं आणू का?" सगळे हसायचे. मीही हसायची. पण शेजारची मुरूडची भाभी एक दिवस दारात उभी राहून हळूच म्हणाली, "तुझी दोन माणसं मी मलबाऱ्याच्या हॉटेलात जाताना पाहिली गं." 

गावाला असते तर काय होतं त्यात? पाथरवट दारावर येतो, ओरडतो, बायका पाटे काढतात, तो टाकी लावून खडबडीत करून देतो, झालं. दुबईत पाथरवट कुठला आणायचा? आणि एवढा दगड परत बोटीतून गावाला कोण नेणार?

अशात एका सकाळी मागच्या बाजूनं आवाज आला. टक टक, टक टक. छिन्नी दगडावर पडते तो आवाज कोकणातल्या बाईला झोपेतही कळेल. मुरूडची भाभी धावतच आली. "ऊठ! टाकीवाला आलाय! पाटा काढ!"

आम्ही दोघींनी पाटा गोणपाटावर घालून ओढत नेला. मागे कंपनीच्या गोदामाचं आवार होतं. तिथं एक बारीकसा माणूस बसला होता, डोक्याला फडकं बांधलेलं, भुवयांवर पांढरी धूळ. दिसायला जपानी. तोवर गल्लीतली सिंधीण आपला खल घेऊन आली, आणखी कुणी जातं आणलं. आम्ही सगळे दगड त्याच्यापुढे ओळीनं मांडले. तो स्वतः काय घडवतोय ते बघायला सवड कुणाला होती? त्यानं दगडांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. भाभीनं आपल्या ठसक्यातल्या हिंदीत हुकूम सोडला, "मिस्त्री, टाकी लगाव. जल्दी. शाम को सालन है."

तो कमरेत वाकला. आम्हाला वाटलं, कबूल.

आणि केलं की त्यानं! दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे दगड तयार. खलाला, जात्याला अशी नाजूक टाकी की भाभी म्हणाली, आमच्या मुरूडच्या मिस्त्रीला इथं शिकायला पाठवायला हवं. माझाच पाटा तेवढा राहिला होता. मी विचारायला गेले तर तो नुसता हात हलवून "नो, नो" म्हणायला लागला.

संध्याकाळी यांना सांगितलं तर यांनी कपाळावर हात मारला. "अगं, तो मिस्त्री नाही! आमच्या साहेबाचा भाऊ आहे. मोठा शिल्पकार आहे. इटलीत संगमरवराचं काम करून आलाय. गणितातले आकार दगडात घडवतो तो. त्याच्यापुढे तुम्ही पाटे टाकलेत?"

"टाकले. आणि त्यानं केले. माझा करत नाही म्हणतो. विचारा त्याला, माझ्या पाट्यानं काय घोडं मारलंय."

हे शरमेनं अर्धे झाले होते, तरी आले. तेव्हा मी त्या माणसाचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं. रास अल खैमाच्या डोंगरातला करडा दगड होता. त्याचं त्यानं कडं केलं होतं, पण साधं नाही. कणकेची पट्टी लाटून, तिला एक पीळ देऊन टोकं जोडावीत, तसं. भाभीला आधी शंका आली होती की हा बुत घडवतोय की काय. मग स्वतःच म्हणाली, "तोंड नाही, डोळे नाहीत, नुसतं मोठं भोक. त्याच्यापुढे कोण हात जोडणार?" त्या माणसानं मला कागदाची पट्टी तशीच पिळून चिकटवून दिली आणि बोट फिरवायला सांगितलं. बोट आतून गेलं, बाहेरून गेलं, कुठं कड ओलांडली नाही आणि परत निघाल्या जागी आलं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मला नवल वाटेल म्हणून. मला कसलं नवल! माझा रोजचा दिवस तसाच जायचा.

माझा पाटा त्यानं उंच टेबलावर स्वच्छ कपड्यावर ठेवला होता. त्याच्यावर दोरे ताणलेले, शेजारी आकड्यांनी भरलेले कागद. तो तोडक्या इंग्रजीत बोलत होता आणि हे मला सांगत होते.

"म्हणतो, हा आकार तो कागदावर हिशेबानं काढतो. घोड्याच्या खोगिरासारखा. लांबीत खाली जातो, रुंदीत वर उचलतो. पण तुझा पाटा नुसता खोगीर नाही, एका अंगाला पिळलाय. म्हणतो, असा पीळ मला सुचला नसता. टाकी लावली की हे सगळं जाईल."

"जाऊ दे."

"त्याच्या बदल्यात त्या डोंगरातल्या दगडाचा नवा पाटा करून देतो म्हणतो."

"चुन्याचा मऊ दगड तो. वाटपात चुरा उतरेल. माणसांना वाळू खायला घालू?"

यांनी ते कसंबसं सांगितलं. जपान्यानं मान हलवली. मग त्यानं दोन्ही तळवे माझ्या पाट्यावर ठेवले आणि वरवंटा फिरवतात तसे मागेपुढे नेले. डोळे मिटून. दोनचार वेळा नेले आणि थांबला. आपल्याच डाव्या खांद्याला हात लावला, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दिस साइड," म्हणाला. "पेन."

हे माझ्याकडे वळले. "डावा खांदा दुखतो तुझा?"

"नाही हो. काहीतरीच."

"हात वर कर बघू."

परक्या माणसासमोर मी हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथंच अडला. यांनी पाहिलं. इतके दिवस मी भिंतीला कोपर टेकून लपवलेलं त्या माणसाला दगडावरून कळलं होतं. उजवा हात जोर करत होता, डावा नुसता मागून फरफटत होता, आणि तोच पाट्याचा पीळ.

 दुसऱ्या दिवशी जेवणारी माणसं उठून गेल्यावर म्हणाले, "एजंटाला सांगून ठेवलंय. पुढच्या बोटीनं जा. तेल लावून घे, आराम कर."

"आणि माणसं?"

"मलबाऱ्याकडे जातील."

"आणि तुम्ही?"

"मी पण."

मला रडू नाही आलं, राग आला, आणि तोही त्या जपान्याचा. भाभीला बरोबर घेतलं आणि सरळ त्याच्या आवारात गेले. अस्सल मराठीत त्याला सुनावलं. "तुला दगडात आकार दिसतो. अरे, तो माझा हात आहे! तू बोट दाखवलंस आणि माझं तिकीट काढलं जातंय. इतक्या वर्षांनी नवऱ्याजवळ दोन घास खायला मिळतायत, ते या पाट्यावर मिळतायत. आकार हवा तर कागदावर ठेव. पाटा मला दे, खडबडीत करून दे."

तो शांतपणे ऐकत होता. कळलं काही नसणार. मी दमून थांबले तेव्हा त्यानं भाभीकडे पाहिलं. भाभीनं माझ्या सगळ्या बोलण्याचं भाषांतर केलं: "मिस्त्री, टाकी लगाव."

तो उठून आत गेला. मग ओले कागद आणले, पाट्यावर एकावर एक थापले आणि उन्हात सुकू दिले. आम्ही भिंतीच्या सावलीला बसून राहिलो. सुकल्यावर त्यानं पाट्याचा ठसा उमटलेला तो थर पापडासारखा अलगद उचलला आणि आत नेऊन ठेवला. पुढं त्यावरून त्यानं दगड घडवला की नाही, मला माहीत नाही. बाहेर येऊन त्यानं एकदा पाट्यावरून तळहात फिरवला. आपण जनावर विकताना पाठीवरून फिरवतो तसा.

मग मला जमिनीवर बसवलं, पाटा पुढं ठेवला आणि वरवंटा हातात दिला. मी वाटल्यासारखं करत होते आणि तो कोळशानं रेघा मारत होता. डाव्या अंगाला त्यानं चांगला खोलवर दगड काढला आणि टाकीचे घाव सरळ न घालता उजवीकडे वळवत नेले. डाव्या बाजूखाली लाकडाची चीप सरकवली. "खलास," म्हणाला, आणि पुन्हा कमरेत वाकला. मीही वाकले. दुसरं काय करणार?

घरी आणून धुतला. आधी मूठभर तांदूळ वाटून टाकून दिले, दगडाची खर निघून जायला. मग मिरची घेतली. खरं सांगते, खांदा काही बरा झाला नाही. पण मिरची घसरली नाही. वरवंटा आपणहून उजवीकडे जात होता, डाव्या हाताला नुसतं बरोबर जायचं होतं. दुखणं होतं, अर्ध्यावर आलं होतं.

दुपारी हे लवकर आले. दारात उभे राहून बघत होते, मला कळलं होतं. मी दात आवळून खोबरं वाटत राहिले. यांनी जवळ येऊन वाटपात बोट घातलं, चोळून पाहिलं.

"बारीक आहे."

"आहे."

"आणि खांदा?"

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "तोही आहे. इथं दुखतो तसा तिथंही दुखेल. तिथं तुम्ही नसाल, एवढंच."

हे भिंतीला टेकून खाली बसले. बूटही काढले नाहीत. म्हणाले, "शुक्रवारच्या सुट्टीचं मी वाटत जाईन." किती शुक्रवार वाटलं ते विचारू नका.

"आणि बोटीचं?"

"एजंटाला नको म्हणून सांगतो."

आनंद व्हायला हवा होता. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली होती ते टळलं होतं. पण माझ्या अंगात आनंदाला जागाच नव्हती. पाट्यावरचं खोबरं तसंच ठेवून मी तिथंच चटईवर आडवी झाले आणि डोळे मिटले. चूल पेटलेली नव्हती, मच्छी टोपल्यात होती.

झोपेतच माणसं आल्याचं ऐकलं. तो दाभोळचा म्हणत होता, "आज ताटात काहीच पोहत नाही की! भाभी बऱ्या आहेत ना?"

"गप," हे म्हणाले. "खुबूस रोट्या आहेत, खजूर आहेत, खा आणि चालते व्हा. तिला उठवू नका."

मी उठले नाही.