कोरकूचं वावर

दिसेल त्या वावराचं नाव विचारणाऱ्या त्या आयरिश म्हाताऱ्याचं नाव मात्र मी विचारलंच नाही. जंगल पाहायला निघाला होता. गाडी बिघडली म्हणून सोनाळ्याच्या आमच्या बागेत थांबला. बांध ओलांडण्याआधी टोपी काढून त्यानं आत येऊ का, असं विचारलं. काकांनी त्याला संत्रं सोलून दिलं. त्याचं इंग्रजी मी काकांना सांगत होतो.

"या वावराचं नाव?"

"कोरकूचं वावर," काका म्हणाले. कोरकू म्हणजे इथले डोंगरातले आदिवासी, असं मी त्याला सांगितलं.

"तो कोरकू कुठे असतो?"

"आता कुठचा कोरकू. आमच्या आजानं बाग लावली, अन् कोरकू डोंगरात गेला."

म्हाताऱ्यानं नावं लिहायची वही मिटली.

"आमच्या गावातही एका शेताला माझ्या घराण्याचं नाव आहे," तो मला म्हणाला. "इंग्रज आणि स्कॉटिश लोकांनी आमच्या जमिनी घेऊन तिथे वस्ती केली. माझा आजोबा त्याच शेतात मजुरीला जायचा. नाव तेवढं त्यांनी राहू दिलं."

हातातली फोड त्यानं हळूच बांधावर ठेवली.

"काय म्हणून राह्यला बे तो?" काकांनी विचारलं.

"संत्रं गोड हाये म्हणते," मी म्हणालो.