कॅमेऱ्यापुढे ओढलेला पदर

मंडळी, मला लिहिता येत नाही. मी बोलतेय, नात टाइप करतेय, चुका तिच्या.

आज तिने माझ्या दिरांनी काढलेली जुनी फिल्म मोबाइलवर आणली. आमच्या मोरव्यात पहिल्यांदा वीज आली, त्या दिवसाची. अजून लख्ख! मिठागरातून आलेले सासरे दिव्याकडे आ वासून बघतायत. मी खूप हसले.

मग मी दिसले, कडेवर माझा थोरला. त्याचा एकही फोटो नाही. कॅमेरा वळताच मी त्याच्या तोंडावर पदर ओढला.

"आजी, असं का केलंस गं?"

"दृष्ट लागंल म्हणून, बाय."

वर्षाच्या आत तापाने गेला.

पदराखाली एक पाऊल हलताना दिसतं. सकाळपासून तेवढंच बघतेय. तुमच्याकडे कुणाचं असं एवढंसंच उरलंय का?